नागखिंडीतली परीक्षा

अबोलीने मुद्दाम ढाल खाली केली आणि राक्षसाच्या गदेचा फटका सरळ अंगावर घेतला. पडद्यावरची तिची नायिका पुलावर आडवी झाली. आता शेजारी बसलेला निहार काय करतो, एवढंच तिला बघायचं होतं. लग्नाला होकार द्यायचा की नकार, ते त्यावरच ठरणार होतं.

बोरीवलीच्या त्या फ्लॅटमध्ये बघण्याचा कार्यक्रम रंगात आला होता. हॉलमध्ये दोन्हीकडची मंडळी पोह्यांवर ताव मारत होती. "मुलांना जरा मोकळेपणाने बोलू द्या," म्हणून अबोलीच्या आईने, जयंतीबाईंनी, दोघांना आतल्या खोलीत धाडलं होतं. दार रीतीप्रमाणे अर्धवट उघडं. आत आपली मुलगी नवऱ्या मुलाच्या हातात कंट्रोलर देतेय हे कळलं असतं, तर त्या माउलीला घेरीच आली असती.

'नागखिंड' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग अबोलीला तोंडपाठ होता. पहिल्या भागात एकट्यानेच लढायचं असे. दुसऱ्यात जोडीदार आला, आणि त्याच्यासोबत एक झकास सोय आली. जोडीदार पडला, तर आपलं अर्धं आयुष्य देऊन त्याला उठवता येतं. छंद विचारून, पगार विचारून माणूस कळत नाही, हे अबोलीचं ठाम मत. या पुलावर मात्र तो लगेच कळतो. आधी बघायला आलेला एक मुलगा तिला तशीच टाकून पुलापलीकडच्या खजिन्याकडे पळाला होता. दुसऱ्याने उठवलं खरं, पण पुढे "डावीकडे वळ, आता मार" असं शिकवतच बसला. दोघेही बाद. आपली पारख कधी चुकत नाही, याचा तिला भारी अभिमान होता.

निहारने तिला उठवलं नाही. खजिन्याकडेही गेला नाही. तिच्यासमोर ढाल रोवून उभा राहिला, राक्षसाचे दोन फटके झेलले, तिसऱ्याला कोलांटी मारून त्याच्या मागे गेला आणि त्याला दरीत लोटून दिलं. मग त्याने खेळ थांबवला आणि कंट्रोलर पलंगावर ठेवला.

अबोली उखडली. "मला उठवलं का नाहीस? बटण माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. पण तू मुद्दाम पडलीस. त्याआधी तुझी ढाल एकदाही चुकली नव्हती." निहारने तिच्याकडे बघितलं. "परीक्षा होती, ना?"

"होती. आणि तू नापास झालास."

"चालेल यार. तसाही माझा नकारच आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "मला सोबत लढणारी हवी, पेपर तपासणारी नको. बाहेर मीच सांगतो, तुला कुणी काही बोलणार नाही."

तो उठला आणि दाराकडे निघाला. नकार द्यायची अबोलीला सवय होती, घ्यायची नव्हती. आधी तिला राग आला. मग तिला लख्ख कळलं, की हा माणूस असा निघून गेला तर तिला फार वाईट वाटणार आहे.

"झालं का गं बोलून?" हॉलमधून जयंतीबाईंची हाक आली.

"नाही गं आई, वेळ लागेल!" अबोलीने ओरडून सांगितलं. तिने पलंगावरचा कंट्रोलर उचलला आणि निहारपुढे धरला.

"बस रे खाली. आजवर मी कुणाबरोबर खेळलेच नाही, नुसती पडून बघत राहिले."