पाव नमदा

"चौथा भाग मोठा की आठवा?" हातातली सुरी थांबवून बुरुलने विचारलं.

"आठवा," नऊ वर्षांची सेझिम म्हणाली. "चारापेक्षा आठ मोठे ना, आपा."

आपा म्हणजे आई, आणि आईला हे उत्तर नवं नव्हतं. शाळेतही सेझिमने हेच ठणकावून सांगितलं होतं, आणि चौथीच्या गुलबारा बाईंनी बुरुलला बोलावून घेतलं होतं. शुक्रवारी पाच गणितांचा पेपर. तीन बरोबर आली तर ठीक, नाहीतर हिवाळ्याच्या सुट्टीनंतर पोरगी पुन्हा तिसरीत. तिसरीत तिचा चुलतभाऊ होता, तिच्याहून वर्षाने लहान. त्याच्या शेजारी बसायचं या कल्पनेनेच सेझिमचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

बुरुल स्वतः आठवीपर्यंत शिकलेली. अंश आणि छेद तेव्हाच तिच्या डोक्यावरून गेले होते. पण लोकर दाबून केलेले नमदे कापून शिरदक शिवावेत ते तिनेच, हे नारिनच्या त्या डोंगराळ भागात कुणीही मान्य केलं असतं. घरोघरी जमिनीवर अंथरलेले ते जाड नक्षीदार गालिचे निम्मे तरी तिच्या हातचे होते. म्हणून तिने वही मिटली आणि लोकरीचा नमदा ओढला.

जाऊ काकिश चहाची किटली घ्यायला आत आली आणि तो थाट बघून हसली. आठवी शिकलेली बाई चौथीचं गणित शिकवणार म्हणजे पोरीचं कल्याणच झालं, असं काहीबाही ती बोलली. बुरुलने मानही वर केली नाही.

"माझा काप चुकलेला तू कधी पाहिलायस?"

काकिशने पाहिला नव्हता. ती किटली घेऊन निघून गेली.

मग बुरुलने कामाला हात घातला. एका तुकड्याचे तिने चार भाग केले, तेवढ्याच दुसऱ्या तुकड्याचे आठ. सेझिमने चौथा आणि आठवा भाग शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि स्वतःशीच "अच्छा" म्हणाली. जास्त वाटे तितका वाटा लहान. एवढी साधी गोष्ट तिला महिनाभर कुणी दाखवलीच नव्हती.

तिथून गाडी सुटली. रोज शाळेतून आल्यावर मायलेकी नमद्यावर बसत. बुरुल नेहमीसारखा लाल नमदा काळ्या नमद्यावर ठेवी, साबणाच्या वडीने नक्षी आखी आणि सुरी दोन्हींतून एकदम फिरवी. लालातून निघालेली शिंगाच्या आकाराची नक्षी काळ्यात बसवायची, काळ्यातली लालात. दोन गालिचे तयार, आणि फेकायला चिंधीसुद्धा नाही. सेझिम कापलेला भाग आधी मोजी, मगच टाक्याला देई. पाव, अर्धा, पाऊण हे तिच्या बोटांत उतरले. पेपरच्या दिवशी बुरुल निर्धास्त होती. तिने शेजारणीला सांगूनही टाकलं की पोरगी पाचही सोडवून येईल.

शनिवारी शाळेतून बोलावणं आलं. सेझिमला घेऊन बुरुल गेली तेव्हा वर्ग रिकामा होता आणि बाईंसमोर पेपर पडलेला होता. दोन गणितं बरोबर होती. दोन साफ चुकली होती, लांबलचक भागाकारांची. सगळं पाचव्यावर येऊन ठेपलं होतं. बाईंनी तो पेपर हळहळत बुरुलकडे सरकवला.

बुरुलने गणित वाचलं. लाल नमद्याचा एक चतुर्थांश भाग नक्षीसाठी कापून काढला, तर नमदा किती उरला? खाली सेझिमच्या वळणदार अक्षरात उत्तर होतं, 'अख्खा'. त्यावर लाल फुली होती.

"बरोबर तर आहे," बुरुल म्हणाली.

बाईंनी शांतपणे चार बोटं वर केली आणि एक मिटलं. बुरुल त्या तीन बोटांकडे पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिने पोरीला सगळं शिकवलं होतं, फक्त कापून थांबायला शिकवलं नव्हतं. कापून कधी कुणी थांबतं हे तिलाच कुठे ठाऊक होतं? आपल्या हाताने आपण लेकीला तिसरीत ढकललं, असं तिला वाटलं. तिने मान खाली घातली आणि चूक पोरीची नाही, माझी आहे, असं बाईंना सांगितलं.

बाईंनी तरीही सेझिमला फळ्याशी बोलावलं आणि तेच गणित तोंडी घातलं. सेझिमने खडू घेतला आणि न अडखळता एकातून एक चतुर्थांश वजा केला. तीन चतुर्थांश.

"मग हे पेपरात का नाही लिहिलंस?"

"ते निम्मंच काम झालं ना, एजेके," सेझिम म्हणाली. गावात सगळे बाईंना एजेकेच म्हणत. "भोक पाडून नमदा तसाच कोण टाकतं?"

आणि तिने खाली दुसरी ओळ लिहिली. लाल तीन चतुर्थांश, त्यात काळा एक चतुर्थांश, मिळून एक.

बाईंनी दुसरी ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी टेबलावरचं गणिताचं पुस्तक उघडलं आणि त्या पानं उलटायला लागल्या. अपूर्णांकांच्या बेरजेचा, वर्गात अजून न शिकवलेला धडा चौदा पानं पुढे होता.