पाय धुण्याचा गुरुवार

"टाचा घासून आलीस ना गं? फादरांना लाजवू नकोस!" शेजारच्या खुर्चीवरून सेलेस्तीन कुजबुजली.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमचे फादर, प्रभूने पेत्र आणि इतर शिष्यांचे धुतले तसे, गुडघे टेकून गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. माझ्या लहानपणचे म्हातारे फादर पाय धुऊन उठायचे, तेव्हा त्यांचा झगा चिंब झालेला असायचा. यंदा नव्या फादरांनी बारावी खुर्ची मला दिली. चर्चमागचं बावखल, म्हणजे गावाचं जुनं तळं, बुजवून जागा बिल्डरला द्यायच्या त्यांच्या बेताला मी एकटीच उघड विरोध करत होते. मला वाटलं, माणूस निवळला.

त्यांनी माझा घोटा धरला आणि सोडलाच नाही.

"सणानंतरच्या सभेत बोलणार म्हणे, आजी?"

"बोलणारच. बावखलाचं पाणी गावाचं आहे." मी पाय सोडवून मागे ओढला.

"पेत्रही आधी नको म्हणाला होता," ते हसून हळूच म्हणाले. "तेव्हा प्रभू म्हणाले, मला धुऊ दिलं नाहीस, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दफनभूमीत आजोबांच्या शेजारची जागा तुम्ही मागितली आहे ना? परवानगी मीच देतो."

हे गेल्यापासून त्या तेवढ्या जागेवरचं गवत मी स्वतः उपटत आले आहे.

गायनमंडळाचा आवाज चढला. मागून कुणीतरी गहिवरून म्हणालं, "केवढी ही नम्रता!"

मी पाय पुन्हा घंगाळात ठेवला. फादरांनी सावकाश वाकून त्याचं चुंबन घेतलं. सेलेस्तीनने डोळे पुसले.

ते उठले, तेव्हा त्यांच्या झग्यावर पाण्याचा एक थेंबही नव्हता.