सत्तावन्न मिनिटं

बरोबर सव्वादोनला गाडी अंगणातून निघाली आणि समीक्षानं मनगटावरचं घड्याळ ओढणीखाली घेतलं. मांडीवर नऊ महिन्यांची छकुली झोपली होती. पुढं प्रज्वल गाडी चालवत होता. गाडी त्याच्या काकांची, शेजारच्या रंगरावांची. दुपारपुरती मागून आणलेली. लहानशीच, पण बारा लाखांची. आत अजून नव्या सीटचा वास होता.

गाडी सुरू होताच समोरच्या पडद्यावर प्रज्वलच्या मोबाइलचं नाव आपोआप उमटलं होतं. महाग गाड्यांना सगळं आपसूक कळत असेल, असं तिला वाटलं.

"नावालेच महाग आहे बरं ही," प्रज्वल म्हणाला. "पिकअपच नाही. हिच्यापरीस फटफटी बरी."

गाडीनं पळू नये, एवढंच तिला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यातल्या दुपारी सव्वादोनला, त्यांच्या पहिल्या लेकराला विंचू चावला होता. दीड वर्षाचं लेकरू. त्याचं नाव आता घरात कोणी घेत नाही. तेव्हा हीच गाडी भिंतीपलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. समीक्षाला तिचा पांढरा टप दिसतसुद्धा होता. पण शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या वादावरून, दोन्ही घरांत तीन वर्षं अबोला. प्रज्वलनं हाक मारली नाही. तिनंही मारली नाही. लेकराला घेऊन दोघं फाट्यापर्यंत पळाले, काळीपिवळी जीपची वाट पाहत उभे राहिले. देऊळगाव राजाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सत्तर मिनिटं झाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वीस मिनिटं आधी यायला पाहिजे होतं."

त्याच संध्याकाळी रंगरावांच्या घरून काकू कडू भाकर घेऊन दारात आल्या. चूल न पेटलेल्या घरी भाऊबंदांनी न्यायची भाकर. अबोला तिथंच मिटला.

तेव्हापासून समीक्षाच्या डोक्यात एकच वजाबाकी चालू होती. सत्तरातून वीस गेले, राहिले पन्नास. ही गाडी पन्नास मिनिटांच्या आत पोचत असेल, तर एका हाकेनं लेकरू वाचलं असतं. नसेल पोचत, तर नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. काल फक्त म्हणाली होती, "छकुलीचा डोस आहे. काकांची गाडी मागता का? सव्वादोनला निघू."

"सव्वादोनलेच?" प्रज्वलनं विचारलं होतं.

"हो."

तो तिच्याकडं बघत राहिला होता. मग गाडी मागायला गेला.

दुसरबीड मागं पडलं. "आता खालून घासते पाहा," असं म्हणत त्यानं वेग कमी केला. लिंबाच्या सावलीतला गतिरोधक त्यानंतर दिसला. गाडी खालून खरवडली. छकुली दचकली, पुन्हा झोपली.

किनगाव राजाच्या अलीकडं कडब्यानं लादलेला ट्रॅक्टर आडवा आला. समोरून कोणी येत नव्हतं, तरी प्रज्वल त्याच्या मागंच राहिला. काचेवर कडब्याचं कुसळ उडत होतं. दूर समृद्धी महामार्गाच्या पुलावरून गाड्या सुसाट जात होत्या. समीक्षानं ओढणी जराशी सरकवली. चोवीस मिनिटं झाली होती.

"काढा ना पुढं," ती म्हणाली. तिला वाटलं, मोजणीत फसवाफसवी नको.

"निघत नाही वं ही. दम नाही हिच्यात," तो म्हणाला. आरशात त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

सिंदखेड राजात चाळिसावं मिनिट लागलं. पंचेचाळीस. पन्नास. पन्नासावं मिनिट गेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती काळी, नांगरलेली शेतं होती. एकावन्न. ती खिडकीबाहेर तोंड करून बसली.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. तिनं दोनदा मोजलं. सत्तावन्न.

"पाहिलं?" प्रज्वल म्हणाला. "काही कामाची नाही ही गाडी."

"नाही," ती म्हणाली. "काहीच कामाची नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं आपणहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो लगेच खाली उतरला आणि फडक्यानं काच पुसू लागला. काच बराच वेळ पुसत राहिला.

संध्याकाळी ती किल्ली द्यायला काकांकडं गेली. सत्यभामाकाकू ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. समीक्षाचा आवाज मोकळा झाला होता. ती चक्क थट्टेवर आली. "काकू, तुमच्या गाडीचं नुसतं नाव मोठं. देऊळगावला जायला सत्तावन्न मिनिटं खाल्ली तिनं."

काकूंचा हात थांबला. एवढ्या हौसेनं घेतलेल्या गाडीला नाव ठेवलेलं त्यांना रुचलं नाही.

"सत्तावन्न कशी लागतीन वं? तू दर बुधवारी शिवण क्लासले गेली की तुहा नवरा सव्वादोनले ही गाडी घेऊन जाते, दवाखान्याच्या दारातून तसाच माघारी येते. इचार त्याले. चाळीस मिनिटं लागतात म्हणे, एकदाबी एकेचाळीस नाही."