जोडीची गोळी

“डोळ्याला डोळा लागत नाही हो डॉक्टर,” विदाद म्हणाली. “विचारा माझ्या नवऱ्याला.”

शौकीने मान हलवली. पहाटेच्या अजानपर्यंत तिचा श्वास ऐकत तो पडलेला असायचा. घरातली जागरणं त्याच्याइतकी कुणाला ठाऊक?

अलेक्झांड्रियातल्या त्यांच्या गल्लीत विदादचं दुखणं एव्हाना सर्वतोमुखी झालं होतं. शौकीने कुनाफ्याच्या मिठाईचं दुकान बंद ठेवलं होतं. बायकोपाशी कोण बसणार? शेजारणी हळहळायच्या, “दृष्ट लागली बाईला. आणि नवरा बघ, काळजीने अर्धा झाला!”

आधी मशिदीतल्या शेखने दुआ म्हणून फुंकर घातलेलं पाणी झालं. मग एका डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. त्यांनी दिवसभर नुसती ग्लानी यायची, घास गिळवेना. विदादने त्या स्वतःच्या हाताने फेकून दिल्या आणि या डॉक्टर मिरेतचा पत्ता काढला. तिचा एक हट्ट मात्र पहिल्यापासून होता. एकटीने औषध घ्यायचं नाही.

“तूही घे एक, ताकदीची. नाहीतर मला मेलं आजारी असल्यासारखं वाटतं.”

“अगं, आजारीच आहेस तू!” शौकी म्हणायचा आणि तिने दिलेली गोळी मुकाट्याने गिळायचा. तिचा शब्द त्याच्याने मोडवत नसे.

मिरेतने गोळी बदलली. सकाळी दोघांनी समुद्रावर चालायचं, असं बजावलं. दर खेपेला विदादचं बोलून झालं की मिरेत शौकीला एकट्याला आत बोलवायची. घरच्या माणसाशीही बोलावं लागतं, म्हणायची.

हिवाळा सरला. विदाद स्वयंपाकघरात गुणगुणू लागली. एके दिवशी शौकीने दुकान उघडलं, तापल्या तव्यावर पिठाचे तलम धागे सोडले आणि कुनाफ्याची पहिली परात घेऊन दोघं दवाखान्यात आली.

“हीच गोळी लागू पडली,” मिरेत म्हणाली. “चालू ठेवा.”

विदादला रडूच कोसळलं. ओढणीने डोळे पुसत ती जिना उतरली. शौकी रिकामी परात परत घ्यायला मागे राहिला.

“तिला कधी सांगणार?” डॉक्टरने हळूच विचारलं.

“नकोच. मला औषध घ्यायला लावायचं म्हणून गल्लीभर आजारी म्हणवून घेते बिचारी, आणि रात्री घोरते ढाराढूर,” शौकी हसला. “आजारी मी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, एवढं तिला कळू देऊ नका.”