फक्त कॅल्शियम

चौकशी समितीचा अहवाल सांगतो : ‘रुग्णास औषधासंबंधीच्या सर्व सूचना लेखी व तोंडी देण्यात आल्या होत्या, सबब या मृत्यूस कोणाचाही निष्काळजीपणा कारणीभूत नाही.’

लेखी सूचना म्हणजे बाटलीच्या खोक्यातले पत्रक. त्याच्या आठ घड्या उलगडल्यावर, खसखशीएवढ्या अक्षरांत, खालून तिसऱ्या ओळीत छापलेले आहे की हे खोकला दाबणारे औषध नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत घेतल्यास जिवावर बेतू शकते. तोंडी सूचना म्हणजे शिक्का. ‘सूचना समजावून दिल्या’ हा शिक्का औषधविक्रेता रोज सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, शंभर कागदी पिशव्यांवर मारून ठेवत असे. शहरात कुणाला दिवसाची पहिली ढास लागण्याआधीच त्याला सारे समजावून झालेले असे.

समितीने पिशवी मागवली, शिक्का पाहिला आणि ती समाधान पावली.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काउंटरपलीकडे दोघी उभ्या होत्या : सून आणि सासू. सून खोकत होती. सासूबाई निवृत्त शिक्षिका. औषधविक्रेत्याला त्यांनी चौथीत शिकवले होते आणि ही गोष्ट त्या दोघांपैकी कुणीही विसरले नव्हते.

त्याने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. मग सुनेकडे पाहिले.

“अजून काही गोळ्या चालू आहेत का?”

“तिला काय विचारतोस? खोकून खोकून घसा बसलाय तिचा,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांनाही मीच सांगितलं. रोज एक कॅल्शियम घेते, बाकी काही नाही. आमच्या घरात सगळे ठणठणीत.”

“हो, दादा,” सून घोगऱ्या आवाजात म्हणाली. “फक्त कॅल्शियम.”

ते कॅल्शियम नव्हते. मनाच्या डॉक्टरांनी दिलेली ती गोळी सून दर महिन्याला एकटी येऊन नेत असे. ‘घरी कळलं तर मला वेडी ठरवतील, लेकरू माझ्याजवळ ठेवणार नाहीत,’ असे ती पहिल्या खेपेला म्हणाली होती. औषधविक्रेत्याने गोळ्या पांढऱ्या डबीत ओतल्या, डबीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘कॅल्शियम’ असे लिहिले, आणि आपण किती भले आहोत या विचाराने त्याला त्या दिवशी जेवण गोड लागले.

आता इकडे आड होता आणि तिकडे विहीर. त्याने मधून वाट काढून पाहिली.

“बाई, हे औषध संपलंय. दुसरं देतो. याहून चांगलं.”

बाईंनी चष्मा नाकावर चढवला, चिठ्ठीतले नाव एकेक अक्षर लावत वाचले आणि त्याच्या मागच्या फळीकडे बोट केले.

“मग ती ओळीने उभी आहेत ती कोण? पाहुणे?”

रांगेतला एक जण हसला.

“पडून राहिलेला माल मला खपवतोस होय रे? चौथीतही तुझं हेच. खोटं बोललास की कान लाल व्हायचे. बघ, झाले.”

त्याने कानाला हात लावला. मग बाटली काढली, पिशवीत घातली आणि बाटलीवरचा हात न काढता म्हणाला, “चार दिवस... ते कॅल्शियम बंद ठेवलं तर बरं.”

सुनेने झटकन वर पाहिले. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण ती औषधाची नव्हती.

“कॅल्शियम? का रे?” बाईंनी विचारले. “तीनदा पाय मुरगळलाय तिचा वर्षात. मी स्वतःच्या हाताने देते रोज, विसराळू आहे ती. का बंद ठेवायचं? कारण सांग.”

वर्गात उत्तर न आलेल्या मुलाला बाई ज्या शांतपणे वाट पाहत उभे ठेवत, त्याच शांतपणे त्या वाट पाहू लागल्या. उत्तर त्याला येत होते. ते एकच होते आणि ते या काउंटरवर देता येण्यासारखे नव्हते.

“काही नाही,” तो म्हणाला. “चालू राहू दे.”

सुनेने श्वास सोडला. त्याने आपल्याला वाचवले, असे तिला वाटले असावे.

“तीन वेळा, दोन दोन चमचे. आणि काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा मला,” तो तिला म्हणाला.

“तिला कशाला दगदग? मी करीन की,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेतली, सुनेच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि पायरी उतरताना तिचा हात धरला. सासू वाईट असती तर ही सून कदाचित आज हयात असती. वाईट सासवा सुनेच्या गोळ्यांची वेळ पाळत नाहीत.

औषधविक्रेत्याचा जबाब अहवालाला शेवटचे परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. समितीने तो वाचल्याचे अहवालात कोठेही आढळत नाही. तो असा :

‘तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. खोकला थांबलाय, पण अंगात ताप आहे, हातपाय थडथड उडतात, काहीबाही बरळते, असं म्हणाल्या. अशक्तपणा असेल, आज कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या तर चालतील का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं असतं तर बाईंनी कारण विचारलं असतं. मी म्हणालो, द्या.’