ढब्बूचा पंजा

माझी साखर उतरली की माझ्या घामाला वेगळा वास येतो. तो घाम टिपलेले कापसाचे बोळे हुंगवून ट्रेनरने ढब्बूला तयार केलं. बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणलेला हा गडी मुलखाचा आळशी, पण तो वास आला की माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवायचा आणि ग्लुकोजच्या पाण्याची, पारदर्शक नळी लावलेली बाटली तोंडात धरून आणायचा.

"ताई, हा तुमच्याशिवाय कुणाला ओळखणार नाही," ट्रेनर म्हणाला होता.

आज दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या मला कापरं भरलं, घाम फुटला. ढब्बू बाटली घेऊन आला आणि माझ्यासमोरून सरळ पुढे निघून गेला.

"अरे लबाडा, मी इकडे आहे!"

त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे बसून त्याने पंजा उचलला. पंजा हवेतच टेकला, गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिथेच राहिला. मग त्याने बाटली खुर्चीवर अलगद उभी केली.

मी उठायला गेले, पण पाय उचलेनात. "ढब्बू, राजा, मला दे ना रे!"

त्याची शेपटी हलत होती. बाटलीच्या नळीतून पाणी हळूहळू वर चढू लागलं.