तिकडची नंबरप्लेट

पुलाचा खर्च कोणी करायचा यावरून दोन राज्यांची सरकारं पाच वर्षं भांडली. शेवटी पलीकडच्या सरकारनं इकडचा नंबर दिसला की टोल उकळायला सुरुवात केली. गॅरेजवाल्याची बहीण पलीकडच्या हॉस्पिटलात नर्स. "अर्धा पगार त्या पुलाच्याच बोडख्यावर घालणार का गं?" म्हणत त्यानं तिच्या स्कूटरला गुपचूप तिकडची नंबरप्लेट बसवली. एक स्क्रू कमी पडला, तर घरच्या कपाटाच्या मुठीचा पितळी स्क्रू काढून पिळला.

महिन्याभरात इकडची माणसं पेटली. "तिकडची एक गाडी सोडायची नाही! फोडायची आणि प्लेट उपटून आणायची!" पुलावर सगळ्यांच्या पुढे गॅरेजवाला, हातात लोखंडी पाना.

भर दुपारी पलीकडून एक स्कूटर आली. हेल्मेटच्या आत कोण आहे हे कोण बघतो, सगळे नंबर बघत होते. त्यानं डोक्यात पाना घातला. परत घातला. हेल्मेट फुटलं, स्कूटर कठड्यावर आदळली, रस्त्यावर रक्ताचं थारोळं झालं.

"शाब्बास रे वाघा! काढ आता प्लेट!" मागून कोणीतरी ओरडलं.

तो खाली वाकला.



दोनातला एक स्क्रू पितळी होता.